फटफटीला कौल

गोथेनबर्ग, स्वीडन
६ ऑक्टोबर २०२४

बाबल्या,

तू जिवंत आहेस की मेलास हे विचारायला हे पत्र नाही. मेला असतास तर कमलचा फोन आला असता. माझी बहीण मुळगावात कोण शिंकलं तेसुद्धा मला कळवते, तुझं मरण ती सोडणार नाही.

पत्र अशासाठी, की तुझा फोन तुझ्या सुनेच्या हातात असतो आणि माझे निरोप ती चहाच्या वेळेला सगळ्या घराला मोठ्यानं वाचून दाखवते, असं तूच म्हणालास. आता जे सांगणार आहे ते गंगावहिनीच्या कानावर चहाबरोबर जाऊन चालणार नाही.

तर ऐक. येत्या जुलैत तू इथं यायचंस. दोन फटफट्या, एक तुझी, एक माझी. गोथेनबर्गहून निघायचं, नॉर्वेत शिरायचं आणि जमीन संपेपर्यंत उत्तरेला जात राहायचं. ती जिथं संपते तिथं नॉर्डकॅप नावाचा कडा आहे. खाली समुद्र, पुढं काही नाही. त्या दिवसांत तिथं सूर्य मावळतच नाही.

आठवतं का, बारावीत दोघंही आपटलो त्या मे महिन्यात तुझ्या काकाची येझदी पळवून आपण पेडण्याच्या पुढं किरणपाणीपर्यंत गेलो होतो? समोर तेरेखोलची नदी आली आणि पेट्रोलही तिथंच संपलं. तू म्हणालास, नदी नसती तर असेच जमीन संपेपर्यंत गेलो असतो. मग ती येझदी आपण पेडण्यापर्यंत ढकलत आणली आणि तुझ्या काकानं दोघांनाही एकाच पट्ट्यानं फोडलं.

पुढच्या वर्षी मला पासष्ट पुरी होतात. ज्या वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात मी बटाटे उकडतो तिथून मला प्रेमानं घरी पाठवतील आणि आणखी थोड्या वर्षांनी प्रेमानंच परत आत घेतील, टेबलाच्या दुसऱ्या बाजूला. मधल्या काळात एकदा जाऊन येऊ. तिकिटाचं मी बघतो, त्यावर वाद नको. इंग्रिड मला सोडून गेली तेव्हापासून या घरात खर्च करणारं कुणी उरलेलं नाही. लेक स्नेहा स्टॉकहोमहून महिन्यातून एकदा फोन करते, तोही घड्याळ लावून.

हो म्हण. नाही म्हणणार असशील तर कारण पाठव, आणि चांगलं पाठव.

तुझा
संदीप

*

मुळगाव, डिचोली
२९ ऑक्टोबर २०२४

संद्या मेल्या,

तुझं पत्र पोस्टमननं साखळीच्या स्टँडवर आणून दिलं. परदेशी तिकीट बघून सगळे पायलट गोळा झाले. रघुनाथ म्हणाला, "बाबल्याक खंयच्या तरी बायलेन लिवलां दिसता." मी नाही म्हटलं नाही. या वयात आपल्यावर असा संशय कुणी घेत असेल तर तो मोडू नये.

उत्तर हो. दोनदा हो. जुलैत इथं पाऊस, गिऱ्हाइकं छत्र्या घेऊन बसमध्ये चढतात, धंदा नसतोच.

तिथं कुणाला सांगू मात्र नकोस की तुझा मित्र पायलट आहे. ते विमान काढून ठेवतील. पिवळ्या मडगार्डची मोटरसायकल घेऊन स्टँडवर उभं राहायचं आणि मागं माणूस बसवून कारापूर म्हण, सर्वण म्हण, दारात नेऊन सोडायचं, यालाही आमच्या गोव्यात पायलटच म्हणतात हे त्यांच्या डोक्यात शिरायचं नाही. खाणी बंद पडून ट्रक उभा राहिला तेव्हापासून हेच करतोय आणि आजवर एकही गिऱ्हाईक सांडलेलं नाही. मी स्वतः मात्र कधी कुणाच्या मागं बसलो नाही. लग्नाच्या वरातीतसुद्धा गाडी मीच हाकली आणि गंगा शालू सावरत मागं.

आता माझे प्रश्न. स्वीडनची हद्द ओलांडून नॉर्वेत शिरताना तिथल्या वेशीवरच्या राखणदार देवाला काय ठेवायचं? इथं मी विडी ठेवून हॉर्न मारल्याशिवाय गावाची वेस ओलांडत नाही, हे तुला ठाऊक आहे. तिथला राखणदार विडी ओढतो की त्याला सिगारेट लागते? दुसरं, वाटेत जेवायचं काय? मी कुळथाची पिठी, तिच्यात घालायला सोलां आणि सुकी सुंगटां आणतो. विमानात मासळीचा वास सुटला तर माझं नाव सांगणार नाही.

परवा गाडीचा डावा आरसा पुन्हा फुटला. हल्ली लोक खांब रस्त्यात आणून लावतात. तेवढा बदलून घेतो आणि पासपोर्टच्या मागं लागतो.

गंगेला अजून सांगितलं नाही. योग्य वेळ बघतोय. तिला तिसऱ्याच कुणाचा तरी राग आलेला असेल, ती योग्य वेळ.

तुझा
बाबली

*

गोथेनबर्ग
२० नोव्हेंबर २०२४

बाबल्या,

तुझ्या राखणदाराची चौकशी केली. स्वीडन आणि नॉर्वेच्या मध्ये एक पूल आहे आणि एक निळी पाटी. पोलीससुद्धा नाही. विडी ठेवलीस तर कचरा टाकला म्हणून दंड होईल आणि हॉर्न मारलास तर लोकांना वाटेल तुला छातीत दुखतंय. इथं हॉर्न त्याच कामासाठी राखून ठेवतात.

नियम पाठ कर. गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूनं. दिवसासुद्धा दिवा लावून. रस्त्यात एल्ग नावाचं जनावर येतं, आपल्या सांबराच्या दुप्पट. ते आलं की थांबायचं. ते तुझ्याकडं बघेल, विचार करील, मग जाईल. त्याच्याशी वाद घालू नकोस, तू स्टँडवर नाहीस.

रस्ता असा ठरवलाय. इथून ऑस्लो, मग डोंगरातून बर्गन. तिथं समुद्र जमिनीत घुसलाय, आपल्या खाडीसारखा, पण दोन्ही बाजूंना डोंगर सरळ उभे. ते ओलांडायला फेरीबोटी आहेत, दोरी सोडणारा माणूसही बेतीच्या फेरीबोटीवरच्या माणसाएवढाच खवट. काही ठिकाणी डोंगराच्या पोटात बोगदे आहेत आणि बोगद्याच्या आत गोल चौक. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्या चौकाला तीन फेऱ्या मारल्या, बाहेर पडायचा धीर होईना. बर्गनहून ट्रोनहाइम, तिथून वर, वर आणि वर.

एक गंभीर अडचण आहे. तू दिवेलागणीच्या आधी घोट घेत नाहीस. वर सूर्य मावळणारच नाही, म्हणजे दिवेलागण नाही. मग तू किती दिवस कोरडा राहणार? शिवाय दारूचं दुकान शनिवारी तीनला बंद होतं ते सोमवारी उघडतं. हे ऐकून तुझं मन बदलणार असेल तर आताच सांग.

मी रोज रात्री नकाशा उघडून बसतो. वृद्धाश्रमातले म्हातारे विचारतात, तुझा मित्र कसा आहे? मी सांगतो, तोंडानं घाण आणि हातानं सोन्यासारखा. त्याच्या मागं बसून अडलेली बाई दवाखान्यात गेलेली आहे. ते माना डोलावतात. त्यांना आता तुला बघायचंय.

पासपोर्टचं कळव.

संदीप

*

मुळगाव
२२ डिसेंबर २०२४

प्रिय संदीप,

यायचं जमणार नाही. मी केळबायला कौल लावला होता. देवीनं डावा दिला. देवीच्या शब्दापुढं आपण कोण?

पासपोर्टचे कागद परत ठेवून दिले. तू जाऊन ये. थंडीत जप.

तुझा
बाबली

*

गोथेनबर्ग
१२ जानेवारी २०२५

प्रिय संदीप? प्रिय? बालवाडीपासून आजवर तू मला कधी प्रिय म्हणाला नाहीस. तुला ताप आहे का?

आणि हा कौल कसला? दगडाला ओल्या फुलाच्या पाकळ्या चिकटवायच्या, उजवीकडची आधी गळली तर जा, डावीकडची गळली तर बस घरी. शास्त्र मलाही ठाऊक आहे. पण बाबल्या, मुंज, लग्न, विहीर, म्हैस, एवढंच आजवर आपण देवीला विचारलं. तिला नॉर्वे कुठं आहे ते तरी ठाऊक आहे का? तू नकाशा नेला होतास? नीट समजावून सांगितलंस, की तिथं रस्ते चांगले आहेत आणि हॉस्पिटलं इथल्यापेक्षा बरी आहेत? की नुसतं 'जाऊ काय गे?' असं विचारलंस? तसं विचारलं तर कुठलीही बाई डावाच देईल.

आपली देवी काही जुन्या वळणाची नाही. सात बहिणींतली ती. एक बहीण म्हापशाला क्रिस्तांव होऊन चर्चमध्ये बसली, तिच्याशी अजून तेलाफुलाची देवाणघेवाण आहे. एवढ्या मोठ्या मनाच्या घरात माझ्या नॉर्वेचंच वावडं का?

पुन्हा लाव. नॉर्वे नको म्हणत असेल तर स्वीडनपुरतं विचार. नाही तर मीच कमलला देवळात पाठवतो.

संदीप

*

गोथेनबर्ग
१९ जानेवारी २०२५

बाबली,

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहितोय. कमल देवळात जाऊन आली. तिनं श्रीनाथ गुरवाला विचारलं, बाबल्याला कौल दिला तेव्हा फूल कुठलं होतं? तो म्हणाला, कसला कौल? बाबली दसऱ्यानंतर देवळाकडं फिरकलेला नाही.

मला नाही म्हणायचं होतं तर माझ्या तोंडावर म्हणायचं होतंस. घाबरला असशील तर घाबरलो म्हण. बायको सोडत नसेल तर तसं म्हण. देवीला पुढं करायची काय गरज होती? मला फार लागलं, एवढंच सांगतो.

संदीप

*

मुळगाव
१६ फेब्रुवारी २०२५

संद्या,

तुझ्या बहिणीला परमेश्वरानं आवाज देताना हात आखडता घेतलेला नाही. तिनं श्रीनाथला जे विचारलं ते गाभाऱ्याच्या दारात, आरतीला अर्धा गाव उभा असताना. अंगारा हातात पडायच्या आत बातमी वाड्यावाड्यावर पोचली. बाबल्यानं देवीच्या नावावर खोटा कौल सांगितला.

तुला तिथं बसून कळायचं नाही. दारू पिऊन गटारात पडलो असतो तर चार जणांनी उचलून घरी आणलं असतं आणि आठवड्यानं हसले असते. हे तसलं नाही. शेजारची म्हैस आटली, माझ्यामुळं. जानकीमावशीच्या पावाच्या उंड्यांचं पीठ आंबलं नाही, माझ्यामुळं. रघुनाथ वाटेत भेटला की माझ्यापासून हातभर लांब उभा राहू लागला, वीज पडली तर त्याच्यावर नको म्हणून. शेवटी जाणत्यांनी सांगितलं, नारळ ठेवून देवीची माफी माग आणि खरा कौल लाव, सगळ्यांसमोर.

गंगेला तोपर्यंत नॉर्वे हा शब्दही ठाऊक नव्हता. तिला तो गाऱ्हाण्यातून कळला. मागच्या रविवारी, सगळा गाव जमलेला, श्रीनाथनं पाकळ्या लावल्या आणि आवाज चढवला. तुझ्यासाठी जसंच्या तसं लिहितो.

"बा देवी म्हाराजा! हो तुजो बाबली आज तुज्या दारात इलो हा. त्येणां तुज्या नावान फट सांगली, ती चूक पोटात घाल म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा गाव.

"आता त्येच्या मनात फटफटी घेवन थंय नॉर्वे म्हंटत त्या मुलखात जावचा इला हा. थंय बरफ आसा, डोंगराच्या पोटात रस्ते आसत, सांबरासारका जनावर वाटेर येवन उबा रवता. त्येका सुकरूप जावन येवचा आसात तर उजवो दी, नाय तर डावो दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

संद्या, मी देवीकडं जन्मभर काही ना काही मागत आलो. ट्रक मागितला, मुलगा मागितला, खाणी सुरू कर म्हटलं. त्या दिवशी पहिल्यांदा हात जोडून नकार मागितला. बाये, डावो दी, डावो दी. उजवी पाकळी एवढ्या झटकन पडली की श्रीनाथचं 'म्हाराजा' तोंडातच राहिलं.

गाव खूश. पायलटांनी घरी येऊन माझ्या गाडीला हार घातला. मला रडू आलं, लोकांना वाटलं भक्तीनं आलं.

आता खरं सांगतो. गाडी डिसेंबरपासून ताडपत्रीखाली उभी आहे. साखळीच्या पुलाजवळ डावीकडून एक सायकलवाला आला आणि मला तो दिसलाच नाही. मी कचकन वळवली, तो वाचला. माझ्या मागं संजनाबाई होती, शाळेतली शिक्षिका, ती रस्त्यावर पडली. कोपर खरचटलं, आणखी काही नाही. ती उलट मलाच विचारत होती, तुम्हाला लागलं का? म्हापशाला डोळ्यांच्या डॉक्टरकडं गेलो. काचबिंदू. बाजूचं दिसणं गेलंय, गेलेलं परत येत नाही, थेंब घालून उरलेलं सांभाळायचं. गाडी बंद म्हणाला, आजपासून. स्टँडवर मी पाठ धरली म्हणून सांगितलं. तुला देवी सांगितली. मी गाडी चालवू शकत नाही हे वाक्य माझ्या तोंडातून बाहेर पडत नव्हतं, अजून पडत नाही, म्हणून लिहितोय.

कौलाच्या दिवशी घरी येऊन गंगेला डोळ्यांचं तेवढं सांगितलं. ती भांडी घासत होती, मागं वळलीसुद्धा नाही. म्हणाली, "माका काय कळूक नाय? महिनोभर मांजराच्या शेपटेर पाय दितात तुमी."

देवी म्हणते जा, डॉक्टर म्हणतो बस. काय करू ते तू सांग.

बाबली

*

गोथेनबर्ग
९ मार्च २०२५

बाबल्या,

पत्र वाचलं आणि बटाटे करपले. चाळीस म्हाताऱ्यांनी त्या दिवशी पावावर भागवलं, कारण कळल्यावर कुणी तक्रार केली नाही.

मला आधी फार वाईट वाटलं आणि मग तुझा फार राग आला. घाबरलास काय म्हणून मी लिहिलं ते मागं घेतो. पण गाढवा, मला सांगितलं असतंस तर मी काय तुझं लायसन्स काढून घेणार होतो?

आता माझंही ऐक. तुझ्यासाठीची गाडी मी नोव्हेंबरातच घेऊन ठेवली होती. जुनी, पण इंजिन झकास. गॅरेजमध्ये बसून तिचं पुढचं मडगार्ड पिवळं रंगवलं. शेजाऱ्यानं विचारलं हा रंग कशासाठी, मी म्हटलं, आमच्याकडं या रंगाची गाडी दिसली की माणूस निर्धास्त मागं बसतो. ती गाडी काल विकायला काढली. माझ्या गाडीला मागं पाठ टेकायला गादी बसवून घेतली. तू मागं बस.

शिव्या द्यायच्या आधी पुढचं वाच. इथं येऊन तीस वर्षं होत आली, या देशात मला कुणी एक शिवी दिलेली नाही. बसमध्ये शेजारची जागा रिकामी असली तरी माणूस उभा राहतो, मला त्रास नको म्हणून. एवढ्या सभ्यपणात माणूस वेडा होतो, बाबल्या. मी दिवस दिवस मोठ्यानं बोलत नाही. आपल्या भाषेतले शब्द मी भाजी चिरताना स्वतःशी म्हणून बघतो, गंजू नयेत म्हणून. नॉर्डकॅपला मी एकटा उद्याही जाऊ शकतो. तिथं पोचून 'आयलो रे बाबा' असं म्हणायचं कुणाला?

तू आला नाहीस तर मी जाणार नाही. आता ठरव.

संदीप

*

मुळगाव
३० मार्च २०२५

संद्या,

रांडेच्या, मी काय पोतं आहे? मागं बांधून नेशील?

तुला समजत नाही. मी मागं बसलेल्यांना ओळखतो. पायलटच्या खांद्यावर हात टाकून ते जगाच्या गप्पा मारतात आणि आपण कुठून चाललोय ते त्यांना ठाऊक नसतं. वळणावर उलटे झुकतात. मी जन्मभर त्यांना हसलो. आता साखळीच्या स्टँडवर काय सांगू, बाबली पायलट नॉर्वेला जाऊन गिऱ्हाईक झाला?

तुझी गादी काढून टाक. पिवळी गाडी विकू नकोस, असू दे तशीच. मी येणार नाही. देवीला मी समजावीन.

बाबली

*

मुळगाव
३१ मार्च २०२५

संदीप भावोजींस गंगाचा नमस्कार.

यांचं पत्र काल टपालात पडलं. त्यात काय आहे ते मी वाचलं नाही, पण लिहिताना दोनदा पेन आपटलं, त्यावरून समजलं. तुमचं पत्र मात्र मी वाचलं. यांचं मनाला लावून घेऊ नका आणि गादी काढू नका.

तुमचा माझ्यावरही राग असेल की वहिनी सोडत नाही. मला कुणी विचारलंच नव्हतं. विचारलं असतं तर पहिल्या दिवशी सोडलं असतं. डिसेंबरपासून हा माणूस घरात बसून आहे. गॅस किती मंद ठेवायचा ते मला सांगतो. मांजराला शिस्त लावतो. तुम्ही त्यांना जुलैपर्यंत थांबवलंत हीच माझी तक्रार आहे.

देवळातून आल्यावर मी त्यांना म्हटलं, "देवीन जा म्हटला. गाडी तुमीच हाका असा खंय म्हटला?" त्यावर ते उठून मांजराला ओरडायला गेले. त्यांना अंधाराची भीती वाटते, भावोजी. बोलत नाहीत. रात्री उठून दिवा लावतात, भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघतात, आकडे दिसले की विझवून झोपतात. मी झोपेचं सोंग घेते.

पासपोर्ट झाला आहे, कौलानंतर मीच करून घेतला. मागं बसायला मी शिकवते. सकाळी डिचोलीच्या बाजाराला जाताना माझ्या स्कूटरवर मागं अळसांद्याच्या चवळीची दोन पोती असतात. ती मला कधी ब्रेक मार म्हणून सांगत नाहीत. तेवढं यांना जमलं की पाठवते.

तिकडं थंडी फार असेल तर यांच्या कानाला गुंडाळायला लावा. सांगितलं तर ऐकत नाहीत, तुम्हीच गुंडाळा.

गंगा

*

मुळगाव
१८ मे २०२५

संद्या,

व्हिसा आला. जुलैच्या दोन तारखेला मी तुझ्या दारात. गादी काढली असशील तर परत बसव.

हे कसं झालं ते सांगतो, नाही तर तू कमलकडून ऐकशील आणि ती वाढवून सांगेल. व्हिसाच्या कचेरीत बोटांचे ठसे द्यायला पणजीला जायचं होतं. मी बसनं जातो म्हटलं. गंगेनं स्कूटर अंगणात काढली आणि हॉर्न वाजवत राहिली, सगळा वाडा दारात येईपर्यंत. मग बसण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

पहिल्याच वळणावर मी उलट्या बाजूला झुकलो. मी! तिनं गाडी बाजूला घेतली आणि सांगितलं, "आंग सोडून बसा. हांव आसा न्हय?" पुढं मी तिला तीनदा गिअर बदल म्हणून सांगितलं, त्या स्कूटरला गिअरच नाही. तिनं मुद्दाम साखळीवरून वाट वळवली, तिथल्या स्टँडसमोरून जाताना मी मान खाली घातली. रघुनाथनं पाहिलंच. तो हसला नाही रे. त्यानं हात वर केला आणि बाकीच्यांनीही केला, आम्ही एकमेकांना वाटेत करतो तसा. मला ते फार बरं वाटलं.

परत येताना तिनं मयेच्या वाटेनं घेतली. तळ्याजवळ आल्यावर हळू केली आणि म्हणाली, "डावीकडेन पळयात, बगळे बसल्यात." मी पूर्ण मान वळवली. तळ्यात एक वाळलेलं झाड होतं आणि त्याच्यावर फांदी दिसू नये इतके बगळे. या वाटेनं मी किती माणसं नेली असतील त्याला हिशोब नाही. तळं तिथं आहे हे मला ठाऊक होतं. बघितलं कधी नव्हतं, मी रस्ता बघत होतो. मागं बसलेली माणसं हे सगळं बघत होती आणि मी त्यांना हसत होतो.

मला भीती वाटते, संद्या. तुला सांगतोय, गंगेला सांगितलेलं नाही. मला आता एका वेळी ताटलीएवढं दिसतं. समोरची ताटली स्वच्छ, बाहेर सगळं धुकट. डॉक्टर म्हणतो थेंब घातले तर ताटली तशीच राहीलही, लहानही होईल, त्यालाच ठाऊक नाही. म्हणून मला आताच यायचंय.

तर तुझं काम वाढलं. तू नुसती गाडी हाकायची नाहीस, बोलायचंसुद्धा. डावीकडं डोंगर आला की डावीकडं म्हण, उजवीकडं घर दिसलं की उजवीकडं म्हण, ते जनावर दिसलं तर आधी थांब आणि मग म्हण. मोठ्यानं सांग, वारा असेल, शिव्या घालून सांगितलंस तरी चालेल. मी मान वळवीन. काही चुकवू नकोस, क्षुल्लक असलं तरी सांग.

आणि तुझ्या त्या कड्यावर पोचल्यावर मला लगेच चल म्हणून घाई करू नकोस. एकेक ताटली करून सगळा समुद्र बघायचाय, वेळ लागेल.

बाबली